धुराच्या खोलीतला न ओढणारा

हॉटेलात आणि बारमध्ये सिगारेट ओढायला बंदी असावी का, हे मला कोणी विचारलेलं नाही. चौथी शिकलेल्या म्हाताऱ्याला कोण विचारतो? पण बंदी नको म्हणून मी जेवढा भांडलो तेवढा कोलकात्यात कोणी भांडला नसेल, आणि पुढं बंदी पाहिजे म्हणूनही मीच भांडलो. दोन्ही भांडणं एकाच बारमध्ये झाली, आणि मत बदललं ते एका माणसामुळं. म्हणून लिहायला बसलोय. शुद्धलेखन मुलानं तपासलंय. मजकुराला हात लावायचा नाही, असं त्याला बजावलं होतं.

मी मूळचा सांगलीकडचा. आमच्या दुष्काळी भागातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगली. गलाई म्हणजे सोनाराकडचे जुने दागिने, तुकडे, त्याच्या कारखान्यातली झाडलेली धूळसुद्धा भट्टीत वितळवायची, तेजाबात, म्हणजे ॲसिडात, टाकायची आणि त्यातलं चोख सोनं वेगळं काढून द्यायचं. मी मिसरूड फुटायच्या आधी मामाबरोबर इथं आलो. बऊबाजारच्या गल्लीत सोनं वितळवायची मूस धरायला शिकलो आणि पुढं स्वतःची भट्टी टाकली. तेजाब उकळलं की तांबूस पिवळा धूर निघतो. तो मी पन्नास वर्षं छातीत घेतला. त्यामुळं डॉक्टर सिगारेटवर बोलायला लागला की मला हसू यायचं. ज्यानं तेजाब पचवलं त्याला तंबाखू काय करणार, असा माझा हिशेब.

आता भट्टी पुतण्या बघतो. मी मुलाकडं न्यू टाउनला राहतो, नवव्या मजल्यावर. मुलगा कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. घर झकास आहे, पण त्या घरात काडी ओढायची सोय नाही. सून तोंडानं कधी बोलली नाही. मी बाल्कनीत गेलो की मागचं सरकतं दार हळूच बंद व्हायचं. इतकं हळू, की राग धरायला जागा राहू नये.

म्हणून बुधवारी आणि शनिवारी दुपारी मी बस पकडून एस्प्लनेडला जायचो. तिथं एका गल्लीत जुना बार आहे. खाली बायकापोरांसह जेवायला येणाऱ्यांचा हॉल, आणि वर, सतरा पायऱ्या चढून गेलं की आमची खोली. सरकारनं बंदी आणली तेव्हा मालकानं वरचा कोपरा काचा लावून वेगळा केला आणि दारावर पाटी ठोकली, की ओढणाऱ्यांनी इथंच ओढावं. त्या खोलीत खायला-प्यायला काही द्यायचं नाही असा नियम आहे म्हणतात. पण आम्हाला कोरडं बसवायची छाती कोणाची होती? सहा टेबलं, एक धूर ओढून घेणारा पंखा, आणि आम्ही सात-आठ म्हातारे. त्यात एक बँकेतून निवृत्त झालेले पुण्याचे साहेब होते. बदली होऊन आले आणि इथंच फ्लॅट घेऊन राहिले. बाकी बंगाली, दोघं मारवाडी.

त्या खोलीचा वेटर एकच. बंगाली माणूस, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, रोज बराकपूरहून लोकलनं सियालदाला यायचा. मी त्याला दादा म्हणायचो, तोही मला दादा म्हणायचा. बंगालमध्ये त्यात लहानथोर बघत नाहीत. कोणाला काय लागतं हे त्याला विचारावं लागायचं नाही. मी टेकलो की रम, पाणी वेगळं, फिश फ्राय आणि त्यावर कच्चा कांदा जास्त. एखाद्या दिवशी माझं तोंड बघून तो रमचा ग्लास अर्धाच आणायचा. "आज एवढंच, दादा. आज तुमची तब्येत बरी दिसत नाही." माझ्या मुलानं असं म्हटलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्याचं मात्र मी ऐकायचो.

तो स्वतः ओढायचा नाही. कधीच नाही. त्याला खोकला मात्र होता. आम्ही त्यावरून त्याची टर उडवायचो. "ओढतो आम्ही आणि खोकतोस तू! वा रे न्याय!" सगळे हसायचे. तोही हसायचा, आणि हसता हसता पुन्हा खोकायचा.

चार-पाच वर्षांपूर्वी मालक वर आला आणि म्हणाला, "दादाला आता खालच्या हॉलला घ्यावं म्हणतो. वर दुसरा माणूस देतो."

मी खुर्ची सरकवून उभा राहिलो. "हा खाली गेला तर आम्ही सगळे उठून जाऊ."

"अहो, पण तोही दमतो आता."

"दमतो? आम्ही काय त्याला पळवतो? दोन घटका बसून बोलतो आमच्याशी. त्यालाच विचारा की!"

दादा दारात ट्रे घेऊन उभा होता. मी म्हटलं, "सांग रे, आमच्यात राहायचंय, का खाली पोरांनी सांडलेले नूडल पुसायचेत?"

त्यानं मालकाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "तुमच्यातच बरं आहे, दादा."

झालं. मालक मान हलवत खाली गेला. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "शेठ, मानलं तुम्हाला!" आपण एका गरीब माणसाचा मान राखला, अशा तोऱ्यात मी पुढं कितीतरी दिवस ही गोष्ट सांगत फिरायचो.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात दादा जिन्यात थांबायला लागला. काचेतून दिसायचं. मधल्या वळणावर ट्रे कठड्याला टेकवून तो उभा राहायचा, खांदे वरखाली व्हायचे, मग दार ढकलून हसत आत यायचा. मी म्हणायचो, "म्हातारा झालास लेका!" मग एका शनिवारी तो आलाच नाही. पुढच्या बुधवारीही नाही. स्वयंपाकघरातला एक चाळिशीतला, मिशीवाला माणूस ट्रे आणून ठेवायचा आणि श्वास रोखल्यासारखा लगेच बाहेर पळायचा. त्याला विचारलं तर म्हणाला, "छातीचं दुखणं. घरी आहे."

तिसऱ्या आठवड्यानंतर मालकाकडून पत्ता घेतला आणि रविवारी सकाळी संदेश मिठाईचा डबा घेऊन बराकपूरची लोकल धरली. लष्करी छावणीच्या मागं तळं आहे, तळ्याच्या काठानं दोन खोल्यांची घरं. दादा अंगणात खुर्चीवर बसला होता, उशी पाठीला लावून. मला पाहून उठायला गेला आणि उठता उठता त्याला धाप लागली. मी ओरडलो, "बस खाली! मी काय मंत्री आहे का?"

त्याची बायको पदराला हात पुसत बाहेर आली. इकडं वहिनीला बौदी म्हणतात. मी नमस्कार केला, "बौदी, कशा आहात?" तिनं मला नीट न्याहाळलं.

"तुम्हीच का ते मराठी दादा? ह्यांना खाली जाऊ दिलं नाहीत ते?"

"राहू दे ना," दादा म्हणाला.

"का राहू दे? इतक्या वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाईक घरी आलंय. सांगू दे मला."

आणि तिनं सांगितलं. दादाला खाली घ्यायचं मालकाच्या मनात आलं नव्हतं, ते मागितलं होतं दादानं. डॉक्टरची चिठ्ठी दाखवून, हात जोडून. मालक म्हणाला होता, माझी ना नाही, पण तो मराठी म्हातारा हट्टी आहे, एकदा त्यांच्या कानावर घालतो. आणि कानावर घातलं तेव्हा काय झालं ते वर लिहिलंच आहे.

मी दादाकडं वळलो. "मग तू तोंड का शिवून बसलास? मी तुलाच विचारलं होतं ना?"

तो खाली बघत म्हणाला, "तुम्ही सगळ्यांसमोर माझ्यासाठी भांडत होता, दादा. माझ्यासाठी असं कोणी कधी भांडलं नव्हतं. त्यावर नाही कसं म्हणू?"

मिठाईचा डबा अजून माझ्या हातातच होता, तो मी बौदीकडं दिला. 

बौदी म्हणाली, "आणि दवाखान्यात काय झालं ते सांगा की. डॉक्टरनं विचारलं, रोज किती पाकिटं ओढता? हे म्हणाले, एकही नाही. डॉक्टर हसला. म्हणाला, छाती बघितली मी तुमची. खोटं बोललात तर औषध कसं देऊ? त्या दिवसापासून हे जेवले नाहीत धड. धाप लागते त्याचं नाही, खोटारडा म्हटलं त्याचं घेऊन बसलेत."

मग ती मोरीपाशी गेली. बादलीत बारचा पांढरा कोट भिजत घातला होता. "तीन आठवडे दारामागं टांगलेला होता. काल भिजवला. हे तिसरं पाणी." पाणी कोऱ्या चहासारखं होतं.

आता हे समजायला माझा धंदा समजावा लागतो. सोनाराच्या कारखान्यात जो दिवसभर वावरतो, त्याच्या अंगावर सोनं बसतं. कानशीला हात लावला पाहिजे असं नाही. नुसता चहा द्यायला येणारा असला तरी बसतं. म्हणून कारागीर घरी जाताना परातीत हात धुतात आणि ते पाणी पिंपात साठवतात. जुने सदरे, पायपुसणी, झिजलेले झाडू जाळतात आणि राख आमच्याकडं आणतात. त्या राखेतून मी सोनं काढून दिलंय. चहावाल्याच्या फडक्यातूनसुद्धा निघालंय, रतीभर का होईना. खोलीतलं बारीक काहीही खोलीतल्या सगळ्यांवर बसतं, हे ज्याला पन्नास वर्षं ठाऊक, ज्यानं त्यावर घर चालवलं, तोच मी वर बसून साहेबांना सांगायचो, की धूर वर जातो, पंखा ओढून घेतो, दुसऱ्याचं काय जातंय? त्या बादलीशी उभा राहून मला स्वतःची इतकी लाज वाटली, की बौदीनं दिलेला चहा मी उभ्यानंच प्यालो.

दुसऱ्या दिवशी मालकाला गाठलं. म्हटलं, "दादाला बरं वाटलं की खालच्या हॉलला घ्या. माझा आडकाठीचा शब्द मी मागं घेतो."

मालक खूश झाला. "झालं तर! मलाही तेच पाहिजे होतं."

"मग वर कोण?"

"तो मिशीवाला. दोन पोरींचा बाप आहे, नाही म्हणणार नाही."

मी बरं म्हटलं आणि दारापर्यंत आलो. तिथंच पाय अडले. मिशीवाला श्वास रोखून बाहेर पळतो ते डोळ्यांसमोर आलं. पाच-सहा वर्षांनी त्याच्याही बायकोच्या बादलीत असंच पाणी असणार, आणि आम्ही त्याचीही टर उडवणार. एकाला खाली आणला की दुसरा वर चढणार. मी माघारी आलो.

"खोलीच बंद करा."

मालक पोट धरून हसला. "बंदी आली तेव्हा माझी पाटी उचकटून जिन्यात फेकली होती, ती कोणी?"

"मीच."

"उद्या खोली बंद केली की दुसऱ्या बारमध्ये पहिले जाणार तुम्हीच."

"मी खाली बसेन."

"न ओढता?"

"न ओढता."

"आणि वरच्यांना कोण सांगणार?"

"मी सांगतो."

शनिवारी सगळे जमल्यावर सांगितलं. बराकपूरचं सगळं सांगितलं, कोटाचं आणि डॉक्टरचंही.  मग साहेबांनी सिगारेट पेटवली.

"काय शेठ, भट्टी सोडून कीर्तनाला लागलात की काय?"

"हसा. पण बोला."

"बोलतो ना. खोली वेगळी आहे, दार बंद आहे, येणारा आपल्या मर्जीनं येतो. त्या वेटरवर सक्ती कोणी केलीय? नको असेल तर सोडावी नोकरी."

"या वयात कुठं जाईल तो? तुमच्या बँकेत चिकटवता?"

मारवाडी हसले. साहेब लाल झाले. पण माणूस हुशार, लगेच तोड काढली. "ठीक आहे. वेटर आत येणारच नाही. आपापलं खालून आपण आणायचं. मग तर झालं?"

मला ते पटलं. खरंच पटलं. म्हटलं, "चला, पहिला मी." आयुष्यात घरी कधी पाण्याचा तांब्या उचलून घेतला नाही, पण खाली गेलो, काउंटरवरून ट्रे मागून घेतला. दोन ग्लास, बर्फ, सोडा, फ्रायच्या दोन बशा. मधल्या वळणावर माझाही दम संपला. ट्रे कठड्याला टेकवला, तो जिथं टेकवायचा तिथंच, आणि उभा राहिलो. वर आलो तेव्हा निम्मा सोडा ट्रेमध्ये होता आणि एका बशीतला कांदा जिन्यावर. टेबलावर ट्रे ठेवला आणि म्हटलं, "आता तुमची पाळी, साहेब."

"मी ट्रे उचलायला इथं येत नाही."

"बरं. माझं मी आणतो, तुमचं तुम्ही बघा. पण ही थोटकं कोण काढणार? टेबल कोण पुसणार? फरशी?"

"ते काय दोन मिनिटांचं काम..."

"त्या दोन मिनिटांसाठी कोण आत येणार, ते सांगा."

साहेबांनी दुसरी सिगारेट पेटवली. मी सिगारेटचं पाकीट काढलं नाही. तसाच उठलो आणि खाली जाऊन बसलो, नूडल सांडणाऱ्या पोरांच्या शेजारी. वरून कोणी खाली आलं नाही. त्या दुपारी माझे हात टेबलावर नुसते पडून होते, त्यांचं काय करावं ते कळेना. खरं सांगायचं तर त्या खोलीची मला आजही आठवण येते. घरात सरकतं दार, ऑफिसवाल्यांना गच्ची, रस्त्यावर पोलीस. म्हाताऱ्या माणसानं चार मित्रांत धूर सोडत बसावं अशी ती एकच जागा उरली होती. बंदीवाले बोलतात तेव्हा ओढणारा म्हणजे जणू चोर. तसं नसतं. आम्ही वाईट माणसं नव्हतो. आम्हाला त्याचा जीव प्यारा होता, आणि आम्हीच तो संपवत होतो, एवढंच.

दादाला पुन्हा डॉक्टरकडं जायचं होतं तेव्हा मी बरोबर गेलो. बौदीला म्हटलं, तुम्ही घरी थांबा. डॉक्टर तरुण होता, घाईत होता. कागद बघून म्हणाला, "सोडलीत का सिगारेट?" दादाची मान खाली गेली. मी पुढं झालो, माझं पाकीट खिशातून काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"डॉक्टर, ओढणारा मी आहे. मी आणि माझ्यासारखे सात जण. हा आम्हाला ग्लास आणून द्यायचा. तुम्हाला ह्याच्या छातीत दिसतात ती पाकिटं आमची आहेत. ह्यानं जन्मात एक ओढलेली नाही."

डॉक्टरनं माझ्याकडं पाहिलं, दादाकडं पाहिलं.  मग जुना कागद ओढून घेतला, एक ओळ खोडली आणि वर दुसरी लिहिली. "माफ करा हं," तो दादाला म्हणाला. रस्त्यावर आल्यावर दादानं तो कागद उघडून माझ्यापुढं धरला. मला इंग्रजी येत नाही. त्यानंच बोट ठेवून वाचलं, की रुग्णानं कधीही धूम्रपान केलेलं नाही. दोनदा वाचलं. मग घडी करून वरच्या खिशात ठेवला. गेलेला श्वास परत येणार नाही, हेही डॉक्टरनं त्याच दिवशी सांगितलं होतं. औषधाचा पंप ओढायचा, धुरात जायचं नाही, जिना चढायचा नाही.

वरचे दोघं-तिघं दुसऱ्या बारला गेले. उरलेल्यांना सोडा सांडत आणायचा कंटाळा आला. दुर्गापूजेनंतर मालकानं खोली बंद केली. मालक म्हणतो, गिऱ्हाईक तुटलं म्हणून. मी म्हणतो, माझ्यामुळं. हवं ते धरा. आता तिथं जादा खुर्च्या ठेवतात. साहेब दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस पेपर काखेत मारून खाली आले, माझ्यापासून दोन टेबलं सोडून बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "इथला पंखा तरी बरा आहे." पुढच्या शनिवारी एक टेबल सोडून बसले.

दादा खालच्या हॉलला आहे. हळू चालतो, दोनच टेबलं घेतो, पोरांना नूडलवरून दम भरतो. मी सिगारेट सोडलेली नाही. कोणाच्या सांगण्यावरून सोडणार नाही. पण भिंतींच्या आत, जिथं कोणीतरी पोटासाठी उभं असतं, तिथं ओढायची नाही, या मताचा मी झालोय. आणि ते कायद्यानंच बंद पाहिजे. माणसाच्या चांगुलपणावर सोडलं तर काय होतं ते मी करून बसलोय.

परवा बुधवारी मी बाहेर फूटपाथवर उभा होतो, रस्त्याच्या कडेला, खांबाशी. नुकताच झुरका घेतला होता. दार उघडलं आणि दादा पायरीवर आला.

"दादा, फ्राय गार होतोय! कांदा जास्त घातलाय."

तो आणखी एक पायरी उतरायला लागला. मी हात वर करून त्याला जागीच थांबवला आणि आत हो, आत हो, असं खुणावत राहिलो. त्याच्यामागं दार बंद होईपर्यंत धूर माझ्याच छातीत धरून ठेवला.